पहिल्या पंगतीला कोण बसणार?

आमच्या मंडळीत नम्रतेची साथ आली ती माझ्या नवऱ्यामुळे. त्याआधी माणसं सरळ सरळ गर्विष्ठ होती आणि सगळं बरं चाललं होतं. शाळेचे हेडमास्तर चर्चमध्ये पहिल्या बाकावर उजवीकडे बसायचे, दवाखान्यातले कंपाउंडर पहिल्या बाकावर डावीकडे, आणि बाकीच्यांनी मागे कुठे टेकायचं यावर कोणाला डोकं शिणवावं लागत नसे. उपासना वेळेवर सुरू व्हायची, वेळेवर संपायची, आणि घरी चुलीवर ठेवलेली माझी डाळ करपत नसे.

माझा नवरा पाळक. म्हणजे मी पाळकीणबाई. शेवगावच्या पलीकडे, जिथून एस.टी. वळून परत फिरायची, अशा एका गावात आमची बदली झाली होती. मी नगरची. नळाच्या पाण्यावर वाढलेली. इथे आले आणि वर्षभरात बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याचं रडगाणं मी गात नाही. सगळ्यांनीच खडी फोडली, सगळ्यांनीच रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळल्या. माझं तोंड मुळातच तिखट, त्या वर्षी ते आणखी तिखट झालं एवढंच. नवरा मात्र देवमाणूस. देवमाणसाशी संसार करणं काय असतं हे ज्या बायकांनी केलंय त्यांना सांगायला नको. दारी आलेल्याला हा घरातलं पीठ देऊन मोकळा व्हायचा, आणि मग मलाच विचारायचा, "अगं, आज भाकरी का नाही?"

दुष्काळ सरला. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला, बाजरी कमरेएवढी वर आली, आणि माझ्या नवऱ्याला उत्साह आला. तो नगरला पाळकांच्या सभेला गेला आणि तिथून एक उपदेश घेऊन आला. मेजवानीचं बोलावणं आलं तर मानाच्या जागी जाऊन बसू नकोस, शेवटच्या जागी बस, असं प्रभूने सांगितलंय ना, त्यावर. बोलला फार सुंदर. मी बायको असून सांगते. हेडमास्तरांनी डोळे पुसले. कंपाउंडरांनी हेडमास्तरांना डोळे पुसताना पाहिलं आणि त्यांनीही पुसले.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये शिरले तर पहिला बाक मोकळा. दुसरा मोकळा, तिसरा मोकळा. सगळी मंडळी मागच्या भिंतीला चिकटून बसलेली, आणि अगदी शेवटच्या बाकाच्या अगदी कोपऱ्यात, खांबाला खेटून, हेडमास्तर. कंपाउंडर थोडे उशिरा आले. त्यांनी शेवटचा बाक भरलेला पाहिला, हेडमास्तरांकडे पाहिलं, आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. तिथून त्यांना उपदेश ऐकू येत नव्हता, पण त्यांची नम्रता सगळ्यांना दिसत होती.

त्या उपदेशाचा उत्तरार्ध लोकांनी नीट लक्षात ठेवला होता. शेवटी बसलेल्याला यजमान येऊन म्हणतो, मित्रा, वर येऊन बस, आणि मग सगळ्यांच्या देखत त्याचा मान होतो. झालं! दर रविवारी माझ्या नवऱ्याने वेदीवरून खाली उतरायचं, मागे जायचं, एकेकाला म्हणायचं, "या, पुढे या." त्याने म्हणायचं, "नको नको, मी इथेच बरा." मग हाताला धरायचं. मग तो यायचा. आधी हेडमास्तरांना बोलावलं तर कंपाउंडर घुश्शात, आधी कंपाउंडरांना बोलावलं तर हेडमास्तरांना पुढच्या रविवारी ताप. शेवटच्या बाकावरचा कोपरा मिळावा म्हणून माणसं घंटेच्या आधी येऊन बसायला लागली. हेडमास्तरांनी तर तिथे आपलं बायबल ठेवून जागा धरायला सुरुवात केली. "पूर्वी पहिल्या बाकासाठी एवढी धडपड नव्हती हो," असं मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "वचनाचा परिणाम व्हायला वेळ लागतो." मी म्हटलं, "परिणाम झालाय. माझी डाळ दर रविवारी करपतेय."

अशात एका दुपारी म्हातारी आली.

ही म्हातारी आमच्याच मंडळीतली. गावाबाहेरच्या वस्तीवर मुलगा-सुनेकडे राहायची. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. चर्चमध्ये तिची जागा ठरलेली होती, दाराजवळ, चपलांच्या शेजारी, जमिनीवर. साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे बसायची आणि तिला तिथून कोणी कधी उठवलं नव्हतं. मंडळीचं प्रीतिभोजन असलं की भाकरी थापायचं काम तिचं. सगळी पंगत उठेपर्यंत ती चुलीपुढे, आणि मग तळाला राहिलेला रस्सा आणि गार भाकरी घेऊन तिथेच राखेच्या कडेला बसून जेवायची. मी आल्यापासून हेच बघत होते. तिने कधी कुरकूर केली नव्हती. उलट दर वेळी हात जोडून म्हणायची, "देवाची किरपा, पोट भरलं."

"सलाम, बाई," ती म्हणाली आणि पदरात आणलेली बाजरीची कणसं माझ्यापुढे ठेवली. टपोरी, दाण्यांनी गच्च भरलेली. त्यांच्या वावराच्या तुकड्यात आलेली. "कापनीच्या सनाला देवाम्होरं ठिवायला."

"अगं, सण तर पुढच्या रविवारी आहे. तेव्हाच आणायची."

"तवाबी आननार. ही तुमाला. मला एक मागायचं हाय."

मी म्हटलं, माग. मनात म्हटलं, पीठ नसलं म्हणजे मिळवली.

ती खाली बसली आणि सरळच म्हणाली, "मला येकदा पयल्या पंगतीला बसायचं हाय. गरम गरम जेवायचं हाय. समद्यांबरुबर."

मला हसूच आलं. एवढंच? पण ती हसत नव्हती. तिने मग सांगितलं. लहानपणी गावात कोणाचं लग्न निघालं की त्यांच्या वस्तीला आवतण असायचं ते मांडवाबाहेर, बाभळीखाली. सगळ्या पंगती उठेपर्यंत बसून राहायचं. मग हाक यायची, ती जेवायला नव्हे, उष्टी काढायला. तिची आई आणि ती, दोघी पत्रावळी गोळा करायच्या, जागा शेणाने सारवायच्या, आणि मग जे उरलं असेल ते लांबून पदरात टाकलं जायचं. "पुरी हातात यायची तवा तिचं कातडं झालेलं असायचं, बाई. पुरी गरम असती ह्ये मला लई उशिरा कळलं."

मग बाप्तिस्मा झाला. इथे सगळे भाऊ-बहीण. "म्हनून मी वाट बगितली. पन हितं भाकरी थापाया दुसरं कोन न्हाई. मग शेवटीच ऱ्हायले." तिने पदर सावरला. "परवा पाळकसाहेब म्हनले का शेवटी बसतो त्याला मालक म्हनतो, वर ये. म्या म्हनलं, मी तर जलमापास्नं शेवटी बसलीय. मला अजून कोनीच म्हनलं न्हाई."

मी रडणाऱ्यातली नाही, मला राग येतो. तसा तेव्हाही आला, भयंकर आला, आणि कोणावर काढावा ते कळेना.

"सणानंतर पोरगं आन् सून ऊस तोडाया जानार," ती म्हणाली. "मलाबी नेनार, नातवंडं संभाळाया. फुडच्या सनाला मी असंन का नसंन, कुनाला ठावं."

"तू पहिल्या पंगतीला बसशील," मी म्हटलं. "गरम भाकरी खाशील. मी सांगते ना! भाकरी दुसरं कोणी थापेल."

"कोन थापंल?"

"त्याची काळजी तू करू नकोस."

काळजी मला करावी लागली. कापणीच्या सणाला आसपासच्या वस्त्यांवरची सगळी ख्रिस्ती घरं यायची. प्रत्येकाने आपल्या वावरातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवायचं, उपासना व्हायची आणि मग प्रीतिभोजन. दुष्काळात सण झालाच नव्हता, त्यामुळे यंदा दुप्पट माणूस येणार. भाकरीसाठी मी शाळेतल्या मास्तरणींना पकडलं. त्या म्हणाल्या, आम्ही करू, बाई, सेवा आहे ती. त्यांच्या सेवेचा नमुना मी आदल्या दिवशी पाहिला. एकीची भाकरी श्रीलंकेच्या आकाराची झाली आणि दुसरीची तव्यावर पडायच्या आधीच मोडली. म्हटलं असू दे. गरम असली म्हणजे झालं.

बोकड कंपाउंडरांनी दिला. गुप्तदान होतं. कोणाला सांगू नका, असं त्यांनी गावातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं. हेडमास्तरांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी लगेच तांदूळ दिला आणि तोही गुप्त. फक्त पोत्यावर आपलं नाव राहू दिलं.

मग कमिटीची सभा भरली. विषय एकच, कोण वाढणार. इतर वर्षी वाढायला माणूस मिळायचा नाही, तरण्या पोरांना कान धरून आणावं लागायचं. यंदा सगळ्यांनाच वाढायचं होतं. हेडमास्तर म्हणाले, "जो तुमच्यात मोठा होऊ पाहतो त्याने तुमचा सेवक व्हावं. मी रस्सा वाढेन." कंपाउंडर म्हणाले, "रस्सा मी. तुम्ही मोठे, तुम्ही भात घ्या." हेडमास्तर म्हणाले, "मी मोठा नाही." कंपाउंडर म्हणाले, "मी तर मुळीच नाही." असा वाद दिवेलागणीपर्यंत चालला. कोण किती लहान आहे हे ठरवण्यात इतका वेळ जातो हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी ठरलं की सगळ्याच वडीलधाऱ्यांनी वाढायचं आणि सगळ्यांनीच शेवटच्या पंगतीला बसायचं.

मी चहा घेऊन गेले होते. म्हटलं, "पहिल्या पंगतीला म्हातारी बसणार आहे. तिला तसा शब्द दिलाय मी."

"वा! वा!" हेडमास्तर म्हणाले. "अगदी योग्य. शेवटचे ते पहिले!" आणि त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सणाचा दिवस उजाडला. वेदीपुढे ढीग लागला होता. बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, भोपळे, वांगी, एक कोंबडी पाय बांधून ठेवलेली, ती मधूनमधून उपासनेत भाग घेत होती. म्हातारीने धुवट लुगडं नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं. मी चुलीपाशी होते. रस्सा माझ्याकडे होता, कारण म्हातारी सोडून त्या पातेल्याला हात घालायची हिंमत माझ्याशिवाय कोणाला नव्हती. ती दोनदा वाकून पातेल्यात डोकावली. "बाई, मी हालवू का जरा?" मी म्हटलं, "खबरदार! आज तू पाहुणी." ती हात मागे बांधून उभी राहिली. पाहुणीने काय करायचं असतं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

उपासना झाली आणि जेवणाआधी आभाराची प्रार्थना हेडमास्तरांनी केली. "हे दयाळू बापा, मी धुळीचा कण आहे," अशी सुरुवात झाली. मग त्या धुळीच्या कणाच्या हातून शाळेला नव्या खोल्या कशा झाल्या, त्या धुळीच्या कणाचं दुष्काळी कामावर मोठ्या साहेबांनी कसं कौतुक केलं, आणि एवढं होऊनही तो धुळीचा कण कसा धुळीतच राहिला, हे सगळं देवाला कळवण्यात आलं. देवाला ते आधी माहीत असणार, पण नव्याने आलेल्या पाहुण्यांना नव्हतं. भाकरी गार होत होत्या. मी डोळे उघडून पाहिलं, तर म्हातारीनेही डोळे उघडलेले. ती भाकरीच्या टोपलीकडे बघत होती.

"आमेन" झालं. लिंबाच्या झाडाखाली तरटाच्या पट्ट्या अंथरल्या होत्या, पत्रावळी मांडल्या होत्या. मी ओरडले, "चला, पहिली पंगत!"

कोणी हललं नाही.

"बसा ना," कंपाउंडर एका शेतकऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "आधी तुमी." दुसरा म्हणाला, "पाहुणं बसू द्या." पाहुणे म्हणाले, "गावचे बसू द्या." साथ आसपासच्या वस्त्यांवरही पोचली होती तर! बायका पोरांना मागे ओढायला लागल्या. पोरं भुकेने रडायला लागली, तर त्यांना चापट्या बसल्या, नम्र व्हा म्हणून.

तेव्हा हेडमास्तर पुढे आले. त्यांनी म्हातारीचा हात धरला, तिला पंगतीच्या बरोबर मधोमध नेऊन बसवलं, आणि तिच्यामागे उभे राहून बोलायला लागले. "बंधुभगिनींनो! आज आपण या गरीब, अडाणी, दुर्लक्षित भगिनीला पहिला मान देत आहोत. पहा, आपण सगळे शिकलेले, प्रतिष्ठित लोक आज हिची सेवा करणार आहोत! यालाच म्हणतात नम्रता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवायला बसलेल्या बाईसाठी टाळ्या!

मग सगळे वाढपी एकदम तिच्यावर तुटून पडले. भाकरी वाढली, रस्सा वाढला, भात वाढला, कांदा ठेवला. तिच्या डाव्या हाताला रिकाम्या पत्रावळी, उजव्या हाताला रिकाम्या पत्रावळी, झाडापासून भिंतीपर्यंत. आणि समोर अख्खी मंडळी बादल्या आणि टोपल्या घेऊन उभी, तिचा पहिला घास बघायला. पाळकसाहेबसुद्धा, माझा देवमाणूस, पाण्याचा तांब्या घेऊन उभा, चेहऱ्यावर कौतुक.

म्हातारीने भाकरीला हात लावला. भाकरी गार होती, पण ते जाऊ दे. तिने तुकडा मोडला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तुकडा पत्रावळीत परत ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

"काय झालं, आजी? काय हवंय?" कंपाउंडर धावले.

"काय न्हाई," ती म्हणाली. "मी आपली चुलीकडं जाते."

"अहो, असं कसं! आज तुमचा मान आहे!"

"येकटीनं तर मी जलमभर जेवले," म्हातारी म्हणाली. "त्याला मान कशाला पायजे?"

तिने हे आवाज चढवून म्हटलं नाही. ज्यांना ऐकू गेलं ते खाली बघायला लागले, ज्यांना नाही ते शेजाऱ्याला विचारायला लागले. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, ते काढून कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

आणि मग माझा तोल सुटला. मी पळी हातात घेऊनच आले. "बसा!" मी ओरडले. "बसा सगळे! काय तमाशा लावलाय? म्हातारीला पंगतीला बसायचं होतं, पंगतीला! पंगत म्हणजे काय, शेजारी माणूस लागतो की नाही? तुम्ही काय समोर उभं राहून तिला जनावरासारखं वैरण घालणार?"

"बाई, शांत व्हा," हेडमास्तर म्हणाले. "सेवा ही प्रभूचीच आज्ञा आहे. त्याने स्वतः शिष्यांचे पाय धुतले."

"धुतले! आणि धुऊन झाल्यावर परत जाऊन त्यांच्यात बसला. पुढचं वाचा ना! हातात तस्त घेऊन टाळ्यांची वाट बघत उभा नाही राहिला."

पाळकाच्या बायकोने असं भर मंडळीत बोलायचं नसतं. ते मला कोणी सांगायला नको. पण तोंडातून निघून गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. मी म्हातारीच्या उजव्या हाताच्या पत्रावळीवर जाऊन बसले. बसकण मारली म्हणा. पातेलं चुलीवर, पळी माझ्या मांडीवर, आणि मी पहिल्या पंगतीला. "वाढा मला," मी म्हटलं. "सकाळपासून उपाशी आहे मी. लाज नाही मला. भूक आहे."

मग मी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे नाना तऱ्हांनी पाहिलं होतं, पण तसं पहिल्यांदाच पाहिलं. तो गोंधळला होता. उपदेश त्याचा, साथ त्याची, आणि आता औषध त्यालाच घ्यायचं होतं. त्याने हातातल्या तांब्याकडे पाहिलं, तो खाली ठेवला, चपला काढल्या आणि येऊन म्हातारीच्या डाव्या हाताला मांडी घालून बसला.

"आजी," तो म्हणाला, "मला तुमच्या शेजारी बसू द्याल ना?"

त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की मी पुढचा महिनाभर त्याला पिठावरून बोलले नाही.

म्हातारीने त्याला नीट न्याहाळलं. मग सरकून त्याला जागा करून दिली, जागा भरपूर असतानाही. "बसा, साहेब," ती म्हणाली.

मग पोरं सुटली. त्यांना कोणी थांबवलं नाही. पोरांपाठोपाठ बायका, बायकांपाठोपाठ पुरुष, आणि बघता बघता झाडापासून भिंतीपर्यंत पंगत भरली. कंपाउंडरही बसले. त्यांनी बसता बसता बादली हेडमास्तरांच्या हातात दिली. इतके दिवस मागत होते ती रस्स्याची बादली अखेर हेडमास्तरांना मिळाली. सोबतीला शाळेतली चार तरणी पोरं आणि तव्यापाशी मास्तरणी एवढीच माणसं उरली होती. बाकी सगळे खाली बसलेले.

म्हातारीने रस्स्यात भाकरी चुरली. घास तोंडात घातला. चावला. मी तिच्याकडे बघत होते, माझा नवरा बघत होता, मी म्हणेन अख्खी पंगत चोरून बघत होती. आता ती हात जोडणार, देवाची किरपा म्हणणार, आणि आम्हा सगळ्यांना गहिवरून येणार.

"रस्सा कोनी केलाय?" म्हातारी म्हणाली.

"मी," मी म्हटलं.

"मीठ न्हाई त्यात."

मी घास खाऊन पाहिला. खरंच की! सकाळपासूनच्या गडबडीत मी मीठ घालायचं विसरले होते. म्हातारीने मान वर केली, बादली घेऊन उभ्या असलेल्या हेडमास्तरांना अशी हाक मारली की ती गावाच्या वेशीपर्यंत गेली असेल. "मास्तर! मीठ आना. आन् ह्या भाकरी गार हायती, तव्यावरची आना."

हेडमास्तर क्षणभर तसेच उभे राहिले. सेवक व्हायची त्यांची तयारी होती, पण कोणी काम सांगेल हा विचार त्यांनी केला नव्हता. कान लाल झाले. मग बादली ठेवून ते चुलीकडे गेले, आधी चालत, आणि म्हातारीने "लवकर!" म्हटल्यावर पळत.

माझ्या स्वयंपाकाला कोणी नाव ठेवलं तर मी त्याची गय करत नाही. नवऱ्याला विचारा. पण त्या दिवशी मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते कांद्यावर ढकललं. तव्यावरची भाकरी आली. श्रीलंकाच होती. म्हातारीने ती दोन्ही हातांनी धरली, वाफ तोंडावर घेतली, आणि जरा वेळ नुसतीच धरून बसली. मग जेवली. बाई गं, काय जेवली! दोनदा रस्सा मागून घेतला. भात मऊ झालाय म्हणाली. कांदा बारीक चिरला नाही म्हणाली. माझ्या नवऱ्याला म्हणाली, "साहेब, तुमी कायच खात न्हाई, घ्या की." आणि त्याच्या पत्रावळीत आपल्या हाताने भाकरीचा अर्धा तुकडा मोडून ठेवला. त्याने तो खाल्ला.

पंगत उठायची वेळ झाली. लोक हात धुवायला उठू लागले. म्हातारीने शेवटचा घास पुसून खाल्ला आणि सवयीने तिचा हात शेजारी गेला. माझ्या नवऱ्याची पत्रावळ तिने कडेने धरली, दुमडायला घेतली, दुसरा हात माझ्या पत्रावळीकडे वळला. उष्टी काढायला. मी काही म्हणणार, तेवढ्यात तिचे हात आपोआप थांबले.

तिने ती दुमडलेली पत्रावळ हळूच सोडली. मग स्वतःच्या पत्रावळीकडे पाहिलं. हाडं, कांद्याची साल, रस्स्याचा ओघळ. तीही तशीच ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर झटकला, आणि मागे वळून न बघता हात धुवायला निघून गेली.

हेडमास्तर तिथेच उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ते खाली वाकले आणि म्हातारीची पत्रावळ उचलली.